पान एक्याऐंशी ते शहाण्णव

सोमवार, १ सप्टेंबर. दिवस पहिला.

आजपासून पुन्हा पहिला दिवस. तिसऱ्यांदा! पहिल्या वेळी नवव्या दिवशी बारगळले, दुसऱ्या वेळी तेविसाव्या. या खेपेला शंभर दिवस पुरे झाले नाहीत तर पांग युनोक हे नाव लावायची नाही.

वाचनालयातल्या मंगळवारच्या गटात आम्ही सात जणी वर्षभर एकाच विषयावरची पुस्तकं वाचतोय. कलाकार कसे जगतात, कल्पना कुठून येतात, आतलं बाहेर कसं काढायचं. माझी अकरा झाली. 'रोज वीस मिनिटांची प्रतिभा' वाचून गजर लावायला लागले. 'भीतीला जेवायला बोलवा' वाचून जेवणाच्या टेबलावर खरंच एक वाटी भात भीतीसाठी वाढला होता, तर आमच्या लेकीच्या, सोयुनच्या बाबांनी तो खाऊन टाकला. म्हणाले, "भीतीला भूक नव्हती."

हसा म्हणावं. वाचताना माझ्या अंगात वारं भरतं हे खरं आहे. मांडीवर कुणाची तरी पँट असते, सुई हवेत थांबते आणि वाटतं, आत्ता उठावं आणि काहीतरी करावं! काय, ते कळत नाही. पुस्तक मिटलं की मी पुन्हा बाजारामागच्या गल्लीतली कपडे दुरुस्त करणारी बाई. तेहतीस वर्षं लोकांचे कपडे आखूड-सैल केले. एकदा तरी मुळापासून स्वतःचं असं काही करून मरावं, एवढंच मागणं आहे.

तर आता को इन्सुक यांचं 'हात आधी, डोकं मागाहून'. पस्तीस वर्षांपूर्वीचं, पुन्हा छापलेलं नाही, वाचनालयात एकुलती एक प्रत. म्हणून असं ठरलं की मी रोज दोन पानं हातानं उतरवून काढायची आणि वहीचा फोटो गटात टाकायचा. पुस्तक दोनशे पानांचं, म्हणजे बरोबर शंभर दिवस. बाकीच्या सहा जणी माझ्या अक्षरातून पुस्तक वाचणार. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आज पान एक आणि दोन. हात दुखतोय, पण काय मजा आली!

गुरुवार, ४ सप्टेंबर. दिवस चौथा.

कोबाई लिहितात, "कलाकार होण्याची परवानगी कुणी देत नाही, कारण ती कुणाकडे नसतेच." उतरवताना अंगावर काटा आला. हे वाक्य नुसतं वाचलं असतं तर पुढे गेले असते. हातानं लिहिलं की ते आत जाऊन बसतं.

मेसुनताईंनी फोटोखाली लिहिलं, "तुझं अक्षर बघूनच वाटतं बाई पुस्तक विकत घ्यावं." मेसुनताई म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या. सहासष्ट वर्षांच्या, बाजारात लोणची-भाज्यांचं दुकान. तोंड फटकळ, पण मन मोकळं.

मंगळवार, २३ सप्टेंबर. दिवस तेविसावा.

आज तेविसावा! याच दिवशी मागच्या वेळी घसरले होते. सोयुनच्या बाबांनी सकाळी सातलाच पेन आणून हातात दिलं. वर म्हणाले, "लिही बाई. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागेल मला."

गटात आज मेसुनताईंनी एक गोष्ट सांगितली. लग्नाआधी त्या अकॉर्डियन वाजवायच्या, गावच्या जत्रेत, लाल झगा घालून. लग्न ठरल्यावर सासूबाईंनी विकायला लावलं. "चव्वेचाळीस वर्षं झाली. आता बोटांना फक्त मुळे चिरता येतात," म्हणाल्या आणि आमच्याआधी स्वतःच हसल्या. 

मंगळवार, ७ ऑक्टोबर. दिवस सदतिसावा.

सणाची गर्दी. सोयुन इंचोनहून आली आहे. काल पूर्वजांच्या पूजेचं सगळं मांडून झालं आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन पानं उतरवली. सोयुन म्हणाली, "आई, एक दिवस सुट्टी घेतलीस तर पूर्वज रागावणार नाहीत." मी म्हटलं, "पूर्वज नाही गं, गट."

शनिवार, ११ ऑक्टोबर. दिवस एक्केचाळिसावा.

घात झाला.

सकाळी चहा घेऊन बसले. कालपर्यंत पान ऐंशी झालेलं. ऐंशीवर कोबाई म्हणतात, "आता सगळ्यांत कठीण गोष्ट सांगते. सुरुवात." शेजारच्या पानावर गेले तर सत्त्याण्णव! मधली सोळा पानं मुळापासून कुणीतरी फाडून नेलेली. इतक्या सफाईनं की मला इतके दिवस कळलं नाही. कोण असेल तो, त्याच्या पँटींच्या सगळ्या चेन अडकोत.

सत्त्याण्णवपासून पुढे जावं तर आठ दिवस कमी पडतात, शंभराचे ब्याण्णव होतात. थांबावं तर पुन्हा पहिला दिवस, चौथ्यांदा! आणि गटातल्या सहा जणी 'सगळ्यांत कठीण गोष्ट' वाचायला टपून बसल्यात. मेसुनताईंचा पावणेआठलाच निरोप आला: "कुठं आहे आजचं? मुळे चिरायचे थांबवून बसलेय."

सरळ सांगायचं ना, पानं फाटली आहेत म्हणून? एवढं एक वाक्य. पण दोनदा हरलेल्या बाईला कारण सांगायची फार लाज वाटते. सगळ्या म्हणतील, हिचं नेहमीचंच.

मी पेन उचललं. वहीत वर 'पान ८१' असं लिहिलं. आणि

नंतर लिहिते. फोटो टाकून दिला आहे.

त्याच दिवशी, दुपारी.

मी काय केलं ते इथं तरी खरं लिहावं. पान ८१ आणि ८२ मीच लिहिलं. कोबाईंसारखं, त्यांच्याच थाटात. सुरुवातीबद्दल मला काय ठाऊक? मला एकच सुरुवात माहीत आहे, उसवायची. म्हणून तेच लिहिलं:

"जुना कपडा नवा करायचा तर आधी उसवावा लागतो. पहिल्या टाक्याखाली कात्रीचं टोक घालताना हात कापतो, कारण त्यानंतर मागे फिरता येत नाही. पण तो टाका तुम्हाला विचारत नाही की तुम्ही कोण, तुम्हाला येतं का, वय किती. तो नुसता सुटतो."

बस. एवढ्यानं पान भरेना म्हणून आणखी दोन परिच्छेद ओढून ताणून. वीस मिनिटांत झालं. विचार करायला वेळच नव्हता.

गट वेडा झालाय! सहाच्या सहा जणींनी उत्तरं टाकली. इतक्या दिवसांत कोबाईंच्या खऱ्या एकाही वाक्याला एवढी उत्तरं आली नव्हती. मेसुनताईंनी फक्त लिहिलं, "तो नुसता सुटतो."

मला लाज वाटायला हवी. वाटतेही आहे. पण खोटं कशाला बोलू, आज मशीनवर बसले तर पाय आपोआप गाणं धरत होता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. दिवस चव्वेचाळिसावा.

पान ८७-८८. आज रचायला काही सुचेना तेव्हा खरी गोष्ट घातली. आईची. नाव अर्थातच लिहिलं नाही. बाबा सौदीत बांधकामावर गेले तेव्हा त्यांचा हिवाळी कोट घरी ठेवून गेले, वाळवंटात कोट कशाला. चार वर्षं झाली, आधी पत्रं यायची, मग तीही थांबली. मी बारा वर्षांची होते, थंडीत शाळेत जायला माझ्याकडे काही नव्हतं. एका सकाळी आईनं खुंटीवरचा तो कोट उतरवला, मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ नुसती बसली. मग कात्री घेतली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोयुनच्या बाबांनासुद्धा नाही. आणि आता को इन्सुक यांच्या नावावर सहा बायकांना सांगून मोकळी झाले. काय बाई आहे मी!

सोयुनच्या बाबांनी फोनवर फोटो मोठा करून वाचला. म्हणाले, "ही लेखिका शिंपीण होती का गं?"

"छे. चित्रकलेच्या बाई होत्या शाळेत."

"मग कात्रीचं टोक कुठल्या बाजूनं घालायचं ते हिला कसं ठाऊक?"

"वाचून लिहितात हो लेखक."

"असं होय," म्हणाले आणि फोन परत देताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. केसात धागा अडकला असेल.

शनिवार, १८ ऑक्टोबर. दिवस अठ्ठेचाळिसावा.

पान ९५-९६ संपलं! उद्यापासून पुन्हा खऱ्या कोबाई. सुटले एकदाची.

खरं तर गोष्ट अर्धीच राहिली. कोटाची पहिली बाही उसवून झाली आणि पान ९६ भरलं. पुढे जागाच नव्हती. असो, नक्कल करणारीनं एवढा विचार करू नये.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. दिवस एक्कावन्नावा.

मेसुनताई गटात एक मोठी काळी पेटी घेऊन आल्या. पेटीत अकॉर्डियन! जुना बाजार धुंडाळून आणलंय. एक कळ दाबली की दोन सूर निघतात. त्यांनी आम्हाला एक कडवं वाजवून दाखवलं. भयंकर वाजवलं. आरिम, आमची वाचनालयातली मुलगी, तिनं धावत जाऊन दार लावलं, आणि आम्ही सगळ्या रडत होतो.

"त्या बाईनं लिहिलंय ना, टाका विचारत नाही वय किती," मेसुनताई म्हणाल्या. "मग म्हटलं, पेटी तरी कुठं विचारणार आहे?"

कोबाईंनी लिहिलेलं समजून हिनं चव्वेचाळीस वर्षांचं कुलूप उघडलं. उद्या कळलं की ते गल्लीतल्या युनोकनं घाबरून खरडलं होतं, तर? पेटी कायमची बंद होईल. नाही, हे कधीच कुणाला कळता कामा नये.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. दिवस चौपन्नावा.

राहवेना म्हणून दुकानावर 'आज बंद' लावलं आणि बसनं चुंगजूला गेले. तिथल्या वाचनालयात दुसरी प्रत आहे असं हळूच शोधून काढलं होतं. कपाटापुढं उभ्यानंच पान ८१ उघडलं. सगळ्यांत कठीण गोष्ट! सुरुवात!

टेबल कसं मांडावं.

सोळाच्या सोळा पानं टेबल! दिवा डाव्या हाताला. पेन्सिली मऊ ते कठीण अशा क्रमानं. खिडकीत कुंडी ठेवावी, पण फुलाची नको. एक अख्खं पान खुर्चीच्या उंचीवर. मी कपाटाला टेकून इतकी हसले की तिथल्या माणसानं येऊन विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

परतीच्या बसमध्ये वाईट वाटलं. त्या माउलीनं मनापासून टेबल मांडलं, आणि मी त्यावर माझ्या बाबांचा कोट पसरला.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दिवस सहासष्टावा.

मेसुनताई दुकानात आल्या. स्कर्ट सैल करायचा होता. तो ठेवून निघायचं सोडून स्टूल ओढून बसल्या.

"पहिला टाका कसा काढतेस, दाखव."

"त्यात काय बघायचंय ताई?"

"दाखव तर."

मी टोक घालून टाका काढला. त्या अगदी डोळ्याजवळ चेहरा आणून बघत होत्या. "सुटला," म्हणाल्या. मग बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसल्या. निघताना दारातून वळून विचारलं, "तुझ्या लहानपणी तुझे बाबा सौदीला होते ना गं? तू एकदा म्हणाली होतीस."

मी म्हटलं, "तेव्हा अर्धा देश तिकडं होता."

"हो, ते खरंच," म्हणाल्या आणि गेल्या. आजकाल यांचं मध्येच कुठल्या कुठं जातं. सराव जास्त होत असावा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दिवस बाहत्तरावा.

आरिमनं बॉम्ब टाकला. को इन्सुक हयात आहेत! एक्याऐंशी वर्षांच्या, वोन्जूला भाचीकडे राहतात. आरिमनं पत्र लिहिलं आणि त्या यायला तयार झाल्या! सहा डिसेंबर, शनिवार, दुपारी दोन वाजता, आमच्या वाचनालयात.

बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. इतक्या जोरात की तळवे लाल झाले.

"आणि पांगबाई," आरिम म्हणाली, "त्यांना तुमची वही आधी बघायची आहे. कुणीतरी आपलं पुस्तक हातानं उतरवतंय हे ऐकून फार आनंद झालाय त्यांना. आत्तापर्यंतची वही मी पाठवून देते. आणि ते पुस्तकसुद्धा द्या, सोबत ठेवते."

नाही कसं म्हणणार? उरलेली पानं उतरवायची म्हणून त्यांच्या फोटोप्रती काढून घेतल्या आणि दोन्ही दिलं. आरिमनं पुस्तक सहज चाळलं, मध्येच एका जागी थांबली, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुस्तक पिशवीत टाकलं. देव पावला, तिच्या लक्षात आलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर. दिवस त्र्याऐंशीवा.

मेसुनताईंच्या अंगणात किमचीचा, हिवाळ्याच्या तिखट लोणच्याचा बेत. सातही जणी, एकशेवीस कोबी, कोपरापर्यंत मिरचीनं लाल हात. सगळ्यांचं एकच चाललं होतं, कोबाईंना काय विचारायचं.

"मी तर तोच भाग विचारणार," मेसुनताई म्हणाल्या. "कोटाचा. पुढं काय झालं म्हणून."

मी म्हटलं, "ताई, इतकी जुनी गोष्ट, त्यांना आठवणार नाही. दुसरं काहीतरी विचारा. टेबलाचं विचारा."

"कुठलं टेबल?"

"कुठलंही. लेखकांना टेबल असतंच ना."

सगळ्या हसल्या. मेसुनताईंनी मसाला लावलेलं कोबीचं पान गुंडाळून माझ्या तोंडात कोंबलं. "खा. तुझं तोंड मोकळं राहिलं की तू काहीतरी बोलतेस."

बुधवार, ३ डिसेंबर. दिवस चौऱ्याण्णवावा.

जेवण जात नाही. सगळं दिसतंय मला. मेसुनताई विचारणार, कोबाई म्हणणार "हे मी लिहिलेलंच नाही," आणि मग सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळणार. गट गेला. मेसुनताई गेल्या. अकॉर्डियन गेलं. आजारी पडावं का? काल मुद्दाम ओल्या केसांनी बाहेर फिरले, साधी शिंकही आली नाही.

सोयुनच्या बाबांना म्हटलं, "शनिवारी मी जात नाही."

"मी जातो मग," ते म्हणाले. "मला त्या शिंपीणबाईंना बघायचंय."

शनिवार, ६ डिसेंबर. दिवस सत्त्याण्णवावा.

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर हरवेल.

खुर्च्या कमी पडल्या इतके लोक. मी सगळ्यांत मागे, खांबाआड. कोबाई काठी टेकत आल्या. एवढ्याशा, पण आवाज खणखणीत. टेबलावर माझी वही होती. तिच्यातून पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या, सगळ्या मध्यावर, एका जागी दाटीवाटीनं. मध्यावरच का, कोण जाणे. वाचता वाचता तिथं दमल्या असतील.

तासभर छान बोलल्या. मग प्रश्न. मेसुनताई ताडकन उठल्या, वही न बघता तोंडपाठ म्हणाल्या, "तो टाका तुम्हाला विचारत नाही की तुम्ही कोण, तुम्हाला येतं का, वय किती. तो नुसता सुटतो. बाई, या ओळीनं मी सहासष्टाव्या वर्षी पेटी हातात घेतली. ही ओळ कशी सुचली, सांगाल?"

मी डोळे मिटले. आता संपलं.

कोबाई जराही थांबल्या नाहीत. "हो तर," म्हणाल्या. "चांगली आठवते मला. थंडीचे दिवस होते. एका बैठकीत लिहिली."

मी डोळे उघडले. वाचले! बाई विसरल्या होत्या! एक्याऐंशी वर्षांचं वय, पस्तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक, त्यांना आपलंच वाटलं. माझ्या अंगातून सगळं ओझं उतरलं. इतकी हलकी झाले की शेजारच्या अनोळखी बाईकडे बघून हसले. आता कुणाला कधीच कळणार नाही. ओळ कोबाईंची, पेटी मेसुनताईंची, मी आपली नक्कल करणारी. ठीकच झालं सगळं.

आणि लगेच कोबाई म्हणाल्या, "कारण तो कोट उसवताना मी प्रत्यक्ष बघितलं होतं. ती माझी आई होती."

कानशिलात बसावी तसं झालं.

"बारा वर्षांची होते मी," त्या सांगत होत्या, सावकाश, एकेक शब्द. "आईनं कोट खुंटीवरून काढला. मांडीवर घेतला. तो कोट होता..." आणि थांबल्या. "रंग कोणता बरं होता?" असं म्हणून त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. अगदी मागपर्यंत. नुसत्या बघत राहिल्या.

रंग आठवत नाही! ओळ घ्या, हवी तर सोळाच्या सोळा पानं घ्या, पण माझी आई घेता आणि कोटाचा रंग माहीत नाही? माझ्या आईनं तो कोट मांडीवर घेऊन अर्धी सकाळ घालवली, तिच्या हाताची नस उडताना मी बघितली आहे, आणि ही बाई...

मी उभी राहिले आहे हे मला खुर्ची पडल्याचा आवाज झाला तेव्हा कळलं.

"राखाडी!" मी ओरडले. खरंच ओरडले. "राखाडी होता, आणि आतलं अस्तर निळं. आणि ती तुमची आई नव्हती. माझी आई होती ती! पानं फाटलेली होती, मी घाबरून मधली सगळी स्वतः लिहिली. ताई, मला माफ करा. पण आई माझी आहे."

आता सगळं मोडणार म्हणून मी मेसुनताईंकडे बघितलं. त्या वळून बघत होत्या, लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण अखेर निघाल्यावर होतो तसा चेहरा.

"किती वेळ लावलास गं," त्या म्हणाल्या.

सोयुनच्या बाबांनी माझी खुर्ची उचलून सरळ केली. आरिम चष्मा पुसत होती. मला काहीच कळेना, या लोकांना धक्का कसा बसत नाही?

"बरं झालं सांगितलंत," कोबाई म्हणाल्या. "माझ्या आईनं आयुष्यात सुई धरली नाही. बटणसुद्धा शेजारीण लावून द्यायची." मग सरळ उभ्या राहण्यासाठी काठी शोधू लागल्या. म्हातारपणी माणसाला आपलं-परकं कळेनासं होतं, बिचाऱ्या. मला एकदम त्यांची दया आली, इतकं ओरडायला नको होतं. मी पुढे जाऊन वाकून नमस्कार केला. म्हटलं, "तुमचं टेबलाचं प्रकरण मी चुंगजूला जाऊन वाचलं."

"आवडलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दिव्याचा भाग बरा आहे."

त्या इतक्या हसल्या की भाचीनं पाणी आणलं. "अहो, मी स्वतःच ते पुन्हा वाचू शकत नाही." मग वही माझ्यासमोर सरकवली, पिवळ्या चिठ्ठ्यांच्या जागी उघडून, आणि पेन माझ्या हातात दिलं. मला वाटलं सही कुठं करायची ते विचारतायत. तर म्हणाल्या, "तुम्ही करा. या पानांवर माझं नाव बरं दिसत नाही."

मला सही करायची सवय नाही. कपड्यांच्या चिठ्ठीवर लिहिते तसं 'पांग, शुक्रवारी मिळेल' असं लिहून गेले. लोक हसले. कोबाई नाही हसल्या.

"शुक्रवारी?" त्यांनी विचारलं. "चालेल. पण मला सांगा, पुढं काय झालं? पान शहाण्णववर तुम्ही एक बाही उसवून ठेवलीत आणि निघून गेलात. तीन आठवडे मी वाट बघतेय. वडील आले का?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "जागा संपली होती."

मंगळवार, ९ डिसेंबर. दिवस शंभरावा.

पान १९९-२००. झालं! शंभर! फोटो टाकला, गटानं आभाळ डोक्यावर घेतलं. संध्याकाळी मेसुनताईंनी वाचनालयात आख्खं गाणं वाजवलं. या वेळी दार उघडं ठेवून. एका कळीतून अजून दोन सूर निघतात, पण आता त्या ती कळ मुद्दाम दाबतात असं वाटतं.

आरिमनं ती वही काचेच्या पेटीत ठेवली आहे. खाली दोन नावं आहेत. मी तीनदा जाऊन वाचली.

बुधवार, १० डिसेंबर.

आज दिवस क्रमांक नाही. सकाळी गजराआधीच जाग आली. बाहेर हिमाचा पातळ थर. समोर नवी वही आणि पुस्तक काहीच नाही. उतरवून काढायला काही नसलं की टेबल केवढं मोठं दिसतं! दिवा डावीकडे सरकवला. कोबाईंचं तेवढं खरं आहे.

सोयुनच्या बाबांनी चहा ठेवला, उघड्या वहीकडे बघितलं, या वेळी काही टोमणा मारला नाही. पाय न वाजवता बाहेर गेले.

हात कापतोय. शुक्रवारी द्यायचं आहे. सुरू करते.

"दोन्ही बाह्या सुटल्या तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, उभी राहा, माप घेऊ दे. तो कोट मी दोन हिवाळे घातला. खिशात बाबांच्या तंबाखूचा वास होता, म्हणून मी वर्गात हात खिशातच ठेवायची. तिसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी मी शाळेला निघाले तर फाटकात एक काळा पडलेला, वाळलेला माणूस पत्र्याची पेटी घेऊन उभा होता, थंडीनं कुडकुडत, अंगात पातळ सदरा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, 'पोरी, हा कोट मी कुठंतरी बघितलाय.'"